चढ, आडवा उतार आणि कलंडणारी गाडी: ऑफ-रोडला पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

मुळशीच्या मागच्या अंगाला एका चढावर माझी गाडी आडवी झाली, त्याला आता चार पावसाळे होतील. वेग असा काहीच नव्हता. निम्मा चढ चढल्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि इंजिन बंद पडलं. मी गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला आणि स्टिअरिंग उजवीकडे कापलं. तोंड वळवून सरळ खाली जावं, एवढाच विचार होता. गाडी उताराला आडवी आली, माझ्या बाजूचं मागचं चाक उचललं गेलं, आणि मग ती सावकाश, म्हैस बसते तशी, कुशीवर टेकली. मागचा पाण्याचा कॅन माझ्या कानामागून सुटला आणि खालच्या काचेवर आपटला. मी पट्ट्याला लटकलेला होतो. खालच्या बाजूला बसलेल्या मित्राचा हात खिडकीच्या आत होता, म्हणून त्याची बोटं शाबूत राहिली.

नवी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, घेतलेल्या प्रत्येकाला मला हेच सांगावंसं वाटतं की गाडी पलटी व्हायला वेग लागत नाही. चुकीच्या जागी घेतलेलं एक वळण पुरतं. खालच्या पायऱ्या मला त्या दिवसाआधी कुणीतरी नीट सांगायला हव्या होत्या.

१. गाडी कधी कलंडते, हे आधी आकड्यांत समजून घ्या

सांगली-कोल्हापूरकडे उसाची भरलेली ट्रॉली साईडपट्टीवर उलटलेली तुम्ही पाहिली असेल. रस्ता सपाट असतो, पण एक चाक वीतभर खाली उतरतं आणि उंच रचलेला ऊस बाकीचं काम करतो. आपल्या गाडीलाही तोच हिशेब लागू आहे. गाडीचं सगळं वजन जिथे एकवटलं आहे असं आपण धरतो, तो गुरुत्वमध्य. त्यातून सरळ खाली सोडलेला ओळंबा खालच्या बाजूच्या चाकांच्या पलीकडे गेला की गाडी उलटते.

डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या जमिनीपासूनच्या उंचीने भागायचं. अमेरिकेची रस्ता-सुरक्षा संस्था एनएचटीएसए २००१ पासून गाड्यांचा पलटी होण्याचा धोका ठरवताना हा आकडा वापरते. साध्या कारचा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, एसयूव्ही आणि पिकअपचा १.० ते १.३.

एक उदाहरण घेऊ. चाकांमधलं अंतर १.५२ मीटर आणि गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवर. आकडा आला १.०१, म्हणजे कागदावर ही गाडी साधारण ४५ अंशांच्या आडव्या उतारावर (उतार गाडीच्या कुशीकडे असताना) कलंडेल. हे वाचून जिवाला बरं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. वरच्या बाजूचं चाक २० सेंटिमीटरच्या दगडावर चढलं की गाडी आणखी साडेसात अंश कलते. त्याच क्षणी खालचं चाक तेवढ्याच खड्ड्यात गेलं तर आणखी साडेसात. म्हणजे २५ अंशांचा उतार बघता बघता ४० अंशांचा झाला. शिवाय खालच्या बाजूची स्प्रिंग आणि टायर दबतात, वरच्या बाजूचे मोकळे होतात आणि बॉडी आणखी झुकते. मग ४५ उरतच नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षात मोबाइलच्या लेव्हल अ‍ॅपवर आडवा कल १५ अंशांच्या वर दिसला की गाडीतल्या लोकांना खाली उतरवा, आणि २० दिसले की तो रस्ताच सोडा. अनुभवी लोक याच्या पुढे जातात, पण त्यांच्या शेजारी जाणता स्पॉटर, म्हणजे बाहेर उभा राहून खुणांनी वाट दाखवणारा माणूस, असतो आणि वरच्या बाजूला दोर बांधलेला असतो.

आणखी एक गैरसमज. महिंद्राच्या थारच्या माहितीपत्रकात ४१ अंशांच्या वरचा अप्रोच अँगल आणि २२६ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचा तळ आणि जमीन यांमधलं अंतर) दिलेला असतो. अप्रोच अँगल म्हणजे समोरचा बंपर न घासता चाक कितपत उभ्या अडथळ्याला भिडू शकतं ते. आडव्या उताराशी त्याचा काही संबंध नाही. 'गाडी ४१ अंश झेलते' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

२. वजन खाली आणा

टपावरचा कॅरिअर सगळ्यात आधी रिकामा करा. वरच्याच उदाहरणात १७५० किलोच्या गाडीच्या टपावर १०० किलो सामान ठेवलं, तर गुरुत्वमध्य जवळजवळ ७ सेंटिमीटर वर सरकतो आणि अडीच अंश हातचे जातात. स्टेपनी, डिझेलचे कॅन आणि तंबू टपावर लादून फोटो छान येतो, पण आडव्या उतारावर त्याची किंमत मोजावी लागते. जड वस्तू गाडीच्या तळाला, मागच्या सीटच्या पाठीशी, पट्ट्याने आवळून ठेवा. सुटी वस्तू एकही नको. तो पाण्याचा कॅन २० लिटरचा होता.

गाडी उंच करणारी २ इंचांची लिफ्ट किट बसवण्याची घाई करू नका. ती दगड चुकवते हे खरं, पण गुरुत्वमध्यही वर नेते. वर्षभर मूळ उंचीवर चालवा, गाडी अंगवळणी पडू द्या.

निघताना एवढं जवळ असलंच पाहिजे:

– लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी आणि प्रत्येकाचा रक्तगट लिहिलेला कागद
– प्रेशर गेज आणि १२ व्होल्टचा एअर कॉम्प्रेसर
– रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचा, ताणला जाणारा कायनेटिक दोर आणि ४.७५ टनांचे दोन शॅकल (दोर अडकवायच्या कड्या)
– झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, जाड हातमोजे
– फावडं, लाकडाचे दोन ठोकळे
– सीट बेल्ट कापायचा कटर, ड्रायव्हरच्या हाताला येईल अशा जागी
– अग्निशामक सिलिंडर, प्रथमोपचाराची पेटी

गाडीसोबत येणारा स्क्रूचा टोइंग हुक सपाट रस्त्यावर ओढण्यापुरता असतो. त्याला झटका देऊ नका. आणि ट्रेलर ओढायच्या टो-बॉलला रिकव्हरीचा दोर कधीही लावू नका. तो गोळा तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा येतो, आणि यात माणसं मेली आहेत.

विम्याचाही एक शब्द. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेल्या असतात. कुठल्याही आयोजित स्पर्धेत उतरण्याआधी कागद वाचा आणि विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

३. कुठे जायचं, ते ठरवा

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घालणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. कासला किंवा कोकणातल्या कुठल्याही सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गाडी घालू नका. तिथल्या बोटभर मातीच्या थरात जे उगवतं, ते एका चाकाखाली गेलं की वर्षानुवर्षं परत येत नाही. खासगी माळ असेल तर गावात जाऊन मालकाला विचारा. विचारायला गेल्यावर चहा मिळतो आणि कुठे दलदल आहे, कुठे कडा ढासळला आहे, ही नकाशात न सापडणारी माहितीही मिळते.

शिकायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे प्रशिक्षणाचा ट्रॅक. महिंद्राने इगतपुरीजवळ खास यासाठी अकादमी उभी केली, आणि इतरही ठिकाणी जाणती माणसं एक-दोन दिवसांचे वर्ग घेतात. पहिला आडवा उतार तिथेच घ्या. आणि कुठेही जा, एकटी गाडी नेऊ नका. किमान दोन गाड्या, आणि घरी एका माणसाला मार्ग आणि परतायची वेळ सांगितलेली.

४. टायरमधली हवा कमी करा, पण बेताने

रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय असते, मातीवर १८ ते २० पर्यंत आणा. टायर पसरतो, पकड वाढते आणि बारीक दगडांवर गाडी उड्या मारत नाही. चढावर वेगाची गरज कमी होते, हा त्याचा मोठा फायदा.

हवा १५ च्या खाली गेली की आडव्या उतारावर धोका सुरू होतो. खालच्या बाजूच्या टायरवर भार येतो, त्याची कड रिमखाली दुमडते आणि टायर रिमवरून निसटतो. मग रिम थेट जमिनीत रुततं आणि गाडी त्यावर पाय अडकल्यासारखी पडते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरा. मऊ टायरवर ८० च्या वेगाने जाऊ नका.

५. उतरा आणि चालत बघा

ही पायरी लोक गाळतात, कारण पाऊस पडत असतो आणि मागे गाड्या थांबलेल्या असतात. गाळू नका. जिथून गाडी न्यायची, तिथून स्वतःच्या पायाने वरपर्यंत जा. तुमचा बूट जिथे घसरतो, तिथे टायरही घसरणार आहे.

पावसाळ्यानंतर गवत गुडघ्याच्या वर असतं आणि आपल्या डोंगरांवर त्याखाली एक खास सापळा दडलेला असतो: पाणलोटाच्या कामात खणलेले सलग समतल चर. हे चर उताराला आडवे जातात, फूट-दीड फूट खोल असतात आणि गवतात अजिबात दिसत नाहीत. आडव्या उतारावरून जाताना खालचं चाक फूटभर चरात उतरलं, तर पहिल्या पायरीतल्या हिशेबाने गाडी एकदम ११ अंशांनी कलते. काठी घेऊन चाला. गवत ठोकून बघा.

माती ओळखायला शिका. मुरूम ओला असला तरी बऱ्यापैकी धरतो. काळी माती टायरच्या खाचा पार लिंपून टाकते आणि मग कुठलाही महागडा टायर तुळतुळीत होतो. जांभ्यावर आणि कातळावर शेवाळ असेल, तर आडवं जायचा विचारच सोडा.

चालून झाल्यावर स्पॉटर ठरवा. एकच माणूस, एकाच्याच खुणा. त्याने वरच्या बाजूला उभं राहायचं. गाडीच्या खालच्या अंगाला कुणीही नको, फोटो काढणारा तर नकोच.

६. चढ: सरळ वर, आणि जमलं नाही तर सरळ मागे

फोर-लो (चारही चाकांना जास्त जोर देणारी, सावकाश चालायची गिअरची जोडणी) आधीच, सपाटीवर टाका. पहिला किंवा दुसरा गिअर निवडा आणि चढावर गिअर बदलू नका. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, दगडाने चाक फिरलं तर स्टिअरिंगचा आरा अंगठा मोडतो. तोंड नेमकं चढाच्या दिशेला ठेवा. चढाला गाडीची लांबी आधार देते, आडव्या उताराला फक्त रुंदी. हा फरक डोक्यात पक्का बसवा.

आता गाडी निम्म्यात थांबली. पुष्कळ पलट्या इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

पाय ब्रेकवर घट्ट. हँडब्रेक वर. क्लच एकट्याने दाबू नका. क्लच दाबला की इंजिनचा आधार सुटतो आणि गाडी मोकळी मागे धावते. श्वास घ्या. ब्रेक दाबलेला असताना क्लच दाबून इंजिन सुरू करा आणि फोर-लोमध्ये रिव्हर्स टाका. ऑटोमॅटिक असेल तर आर टाका, पाय ब्रेकवरच. स्टिअरिंग सरळ आहे का, हे खिडकीतून चाकाकडे बघून खात्री करा. मग हँडब्रेक सोडा, क्लच हळूहळू पूर्ण सोडत पायाचा ब्रेकही हलके सोडा, म्हणजे गाडी इंजिनवर धरली जाईल, आणि आरशात बघत, ज्या चाकोरीने वर आलात त्याच चाकोरीने खाली या.

मागे येताना ब्रेक करकचून दाबू नका. नाक वर असल्यामुळे वजन मागच्या चाकांवर गेलेलं असतं आणि पुढची चाकं हलकी झालेली असतात. ती ब्रेकने चटकन लॉक होतात, आणि लॉक झालेलं चाक स्टिअरिंग ऐकत नाही. नाक घसरून उताराला आडवं येतं आणि पुढे काय होतं ते मी सुरुवातीला सांगितलं आहे. इंजिनला धरू द्या, ब्रेक नुसता टेकवत राहा.

हे सगळं आधी सपाटीवर आणि मग एखाद्या छोट्या, सोप्या चढावर मुद्दाम गाडी बंद पाडून दहा वेळा करा. मी आता दर मोसमाच्या सुरुवातीला करतो.

७. उतार

उतरणंही सरळच. फोर-लो, पहिला गिअर, पाय क्लचपासून लांब. मागचा भाग सरकून गाडी आडवी व्हायला लागली, तर पाय ब्रेककडे किंवा क्लचकडे नेऊ नका. किंचित अ‍ॅक्सिलरेटर द्या, चाकं फिरू लागतात आणि गाडी परत रेषेत येते. घसरताना वेग द्यायचा, हे मनाला पटत नाही. म्हणून तेही सरावाने अंगी आणावं लागतं.

८. आडवा उतार: टाळा, आणि टाळता येत नसेल तर

दुसरा रस्ता आहे का, हे दोनदा बघा. नसेल तर प्रवाशांना उतरवा, काचा वर करा, पट्टा आवळा, आणि चालायच्या वेगाने, न थांबता, न वळता जा. सगळ्या वेळ मनात एक गोष्ट पक्की ठेवा: उताराची खालची बाजू कुठली. कारण गाडी कलू लागली की स्टिअरिंग त्याच बाजूला, खाली, वळवायचं आणि हलका अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. गाडीचं नाक खाली वळलं की कल मोडतो. आपला हात मात्र सहज वरच्या बाजूला वळवतो आणि त्यानेच गाडी उलटते. खाली वळायला जागा मोकळी असेल, तिथेच आडवं जायचं. खाली कडा असेल, तर तो रस्ता तुमच्यासाठी नाही.

गाडी नुसती आडवी घसरत असेल, तोवर ती पलटी होत नाही. घसरताना खालचं चाक दगडाला, बांधाला किंवा चाकोरीच्या काठाला अडतं, गाडीचा खालचा भाग थांबतो, वरचा चालू राहतो आणि ती कोलमडते. रस्त्यावरच्या पलट्याही बहुतेक अशाच, कशाला तरी अडून होतात. म्हणून खोल चाकोरीतून बाहेर पडायला स्टिअरिंग जोरात कापू नका. वेग पूर्ण कमी करा, फावड्याने काठ खणून उतरता करा आणि मग निघा.

गाडी कललेल्या अवस्थेत अडकली, तर वरच्या बाजूच्या फूटस्टेपवर माणसं उभी करून वजन देण्याची एक पद्धत आहे. कृपा करून करू नका. एकाचा पाय घसरला की तोल जातो. आधी वरच्या बाजूचं झाड किंवा दुसरी गाडी बघून चासीला दोर बांधा, तो ताणून घ्या, आणि मगच ड्रायव्हरने वरच्या दाराने उतरावं.

९. पलटी झालीच तर

हात, डोकं आत. काचेशेजारचा खांब धरू नका, खिडकीबाहेर हात टेकवून गाडी थांबवायला जाऊ नका. उडी मारू नका. पट्टा लावलेला असेल तर हळू झालेल्या पलटीतून माणूस बहुधा चालत बाहेर येतो. जे बाहेर फेकले जातात किंवा उडी मारतात, ते गाडीखाली सापडतात.

थांबल्यावर पहिलं काम इग्निशन बंद. मग नाव घेऊन एकेकाला हाक मारा. गाडी उलटी असेल तर पट्टा उघडण्याआधी एक हात छतावर रेटा आणि पाय टेकवा, नाहीतर मानेवर पडाल. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला हलवू नका, आग किंवा पाणी नसेल तर. १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर बाकी मदत. नेटवर्क नसेल तर दुसऱ्या गाडीतला एकजण नेटवर्क येईल तिथपर्यंत जाईल, हे सकाळीच ठरलेलं असावं.

गाडी सरळ करताना घाई नको. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये, आणि गाडी चाकांवर आपटून पुढे धावू नये म्हणून दुसरा दोर मागून धरून ठेवावा.

शेवटची गोष्ट सगळ्यांच्या हातून चुकते. गाडी सरळ झाली, माणसं धड आहेत, सगळे टाळ्या वाजवतात आणि कुणीतरी म्हणतं, 'स्टार्टर मार बघू.' मारू नका. गाडी आडवी पडलेली असताना इंजिनमधलं ऑइल सिलिंडरमध्ये आणि हवेच्या नळीत गेलेलं असतं. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताच कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल गाडी कधी कधी त्या ऑइलवरच भरधाव चालू राहते आणि चावी काढूनही बंद होत नाही.

आमची गाडी संध्याकाळी चार चाकांवर आली. एका जाणत्या माणसाने माझ्या हातातून चावी घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने चारही इंजेक्टर काढले आणि पाना लावून इंजिन हाताने फिरवलं, तेव्हा दुसऱ्या सिलिंडरमधून काळ्या ऑइलची धार उडाली ती थेट बॉनेटच्या आतल्या बाजूला जाऊन लागली.